अब्बांचा राहिलेला डाव
जुने संगणक-खेळ नव्या संगणकावर कसे चालवावेत?

कोकणातल्या पुष्कळ घरांत माळ्यावर एक तरी खोका असा असतो, ज्यावर आखातातल्या एखाद्या शहराचे नाव लिहिलेले असते. आमच्याही घरी आहे. अब्बा कुवेतला नोकरीला होते. २००० सालच्या सुट्टीत त्यांनी येताना एक संगणक आणला आणि त्याबरोबर डब्यात बंद असलेली एका खेळाची सीडी. खेळाचे नाव ‘एज ऑफ एम्पायर्स २’. अकरा महिने अब्बा तिकडे आणि एक महिना इकडे. त्या एका महिन्यात रात्री इशाची नमाज झाली की आम्ही तिघे भावंडे त्यांच्या खुर्चीभोवती गोळा व्हायचो. अब्बा खेळायचे आणि आम्ही सल्ले द्यायचो. अम्मी जेवायला तीनदा हाक मारायची.

दोन वर्षांपूर्वी अब्बांना लकव्याचा झटका आला. अलहम्दुलिल्लाह, जिवावरचे टळले. चालणे-बोलणे बरेच सुधारले. पण उजव्या हाताची बोटे आखडली. फिजिओथेरपीवाले डॉक्टर रबरी चेंडू दाबायला देत, अब्बा तो चार वेळा दाबून बाजूला ठेवून देत. “हाताला काहीतरी आवडीचे काम द्या,” असे डॉक्टर म्हणाले. त्या रात्री अब्बाच म्हणाले, “तो सलाहुद्दीनचा डाव माझा अर्धा राहिला होता. बघा, मिळतो का.”

गोष्ट साधी वाटली. हाच खेळ नव्या रूपात २०१९ साली पुन्हा आला आहे आणि तो विकत मिळतो. पण त्या नव्या आवृत्तीत वीस वर्षांपूर्वी साठवलेला डाव उघडत नाही. अब्बांना नवा खेळ नको होता, त्यांचा राहिलेला डाव हवा होता. म्हणजे जुनाच खेळ, जुन्याच सीडीवरून, आजच्या लॅपटॉपवर चालवायला हवा. या खटपटीत आम्ही जे शिकलो, ते आपल्या वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

सलाहुद्दीनचा खेळ

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या डॅलसच्या ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ने तो तयार केला आणि १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. खेळणाऱ्याने गाव वसवायचे, शेती करायची, लाकूड-दगड-सोने जमवायचे, किल्ले बांधायचे आणि शत्रूशी लढायचे. तेरा राज्यसमूहांत सारासेन म्हणजे अरब, तुर्क आणि पर्शियन हेही होते. अरबांचे शिपाई अरबीत उत्तर देत, तुर्कांचे तुर्कीत. त्या काळात बहुतेक परदेशी खेळांत मुसलमान दिसे तो फक्त शत्रू म्हणून. येथे मात्र सुलतान सलाहुद्दीन अय्युबींच्या बाजूने खेळायची सहा डावांची स्वतंत्र मोहीम होती. आमच्या पिढीतल्या कित्येक मुलांनी हत्तीनचे नाव शाळेच्या पुस्तकाआधी या खेळात ऐकले.

अर्थात खेळ म्हणजे इतिहास नव्हे, आणि अब्बा ते आवर्जून सांगत. सुलतान तिक्रितला जन्मले, ते कुर्द होते. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनची लढाई झाली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला जेरुसलेम त्यांच्या हाती आले. शहर घेतल्यावर त्यांनी सरसकट कत्तल होऊ दिली नाही. ठरलेली खंडणी भरून लोकांना बाहेर पडू दिले. ११९३ मध्ये दमास्कसला त्यांचा इंतेकाल झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या सुलतानाच्या खाजगी तिजोरीत एक सोन्याचे नाणे आणि सत्तेचाळीस दिरहम निघाले, असे त्यांचे चरित्रकार बहाउद्दीन यांनी लिहून ठेवले आहे. खेळातली लढाई संपली की अब्बा हे असे काहीतरी सांगत, आणि आम्हाला लढाईपेक्षा तेच जास्त लक्षात राहिले.

अब्बांचा डाव अडला होता तो चौथ्या मोहिमेत, जेरुसलेमच्या वेढ्यात. त्या वर्षीची सुट्टी संपली, अब्बांनी डाव साठवला आणि विमान पकडले. पुढच्या सुट्टीत आपाचे लग्न निघाले, त्याच्या पुढच्या वर्षी घराचे काम. संगणक बिघडला, आम्ही मोठे झालो, खोका माळ्यावर गेला.

जुना खेळ नव्या संगणकावर का अडतो?

खेळ जुना झाला म्हणून तो झिजत नाही. सीडीवरचा मजकूर होता तसाच असतो. बदललेले असते ते सभोवतालचे घर. आमच्या समजुतीप्रमाणे अडचणी मुख्यतः पाच आहेत.

पहिली, भाषेची. डॉसच्या आणि विंडोज ३.१ च्या काळातले कार्यक्रम १६-बिट पद्धतीचे होते. पुढे ३२-बिट विंडोज आले तेव्हा त्यात जुन्यांसाठी एक दुभाष्या ठेवलेला होता. ६४-बिट विंडोजमधून तो दुभाष्या काढून टाकला. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच आहे. त्यामुळे डॉसचा खेळ त्यावर थेट चालतच नाही. गंमत म्हणजे ९५-९८ सालचे काही खेळ स्वतः ३२-बिट असतात, पण त्यांना बसवणारा सेटअप १६-बिट असतो. अशा वेळी खेळ चालण्याजोगा असूनही दारातच अडतो.

दुसरी, वेगाची. जुन्या काळी काही खेळ लिहिणाऱ्यांनी वेळ मोजायला घड्याळ वापरलेच नाही. ‘अमुक इतके आकडे मोज आणि मग पुढचे पाऊल टाक’ एवढेच सांगून ठेवले. तेव्हाच्या संगणकाला ते आकडे मोजायला जेवढा वेळ लागे, तेवढ्याने खेळ नेमका चाले. आजचा संगणक तेच आकडे डोळ्याचे पाते लवण्याआधी मोजतो आणि राक्षस येऊन आपल्याला मारूनही जातो. विंडोज एक्सपीबरोबर येणारा चेंडूचा ‘पिनबॉल’ आठवत असेल. तो तर जेवढ्या जोरात चित्रे काढता येतील तेवढ्या जोरात काढत सुटे आणि संगणकाला दुसरे काम सुचू देत नसे. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याने त्याला सेकंदाला शंभर चित्रांची मर्यादा घातली. पुढे ६४-बिट विंडोजसाठी तो तयार करताना चेंडू भुतासारखा भिंतींतून आरपार जाऊ लागला. कारण वेळेत सापडले नाही, म्हणून विंडोज व्हिस्टातून तो खेळच काढून टाकावा लागला. ज्यांनी विंडोजबरोबर तो खेळ दिला, त्यांनाही जमले नाही, तिथे आपण निराश होण्याचे कारण नाही!

तिसरी, रंगांची. अब्बांचा खेळ २५६ रंगांत चालणारा आहे. रंगपेटीत २५६ खण, आणि कोणत्या खणात कोणता रंग ते खेळ ठरवणार. विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये असे होई की पडद्यामागचे विंडोजही त्याच पेटीत हात घाली आणि खणांतले रंग बदले. मग समुद्र जांभळा, गवत लाल. ज्यांनी हे पाहिले आहे ते विसरणार नाहीत.

चौथी, कुलपाची. नक्कल होऊ नये म्हणून त्या काळच्या पुष्कळ सीडींवर ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप असे. ते उघडणारा भाग विंडोजच्या अगदी आतल्या खोलीत बसे आणि त्यात सुरक्षेचे भोक सापडले. विंडोज १० मध्ये तो भाग दिलाच नाही आणि सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या विंडोजमध्येही तो बंद केला. घराच्या सुरक्षेसाठी ते योग्यच होते, पण पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडीही त्यामुळे मुकी झाली.

पाचवी, परवानगीची. जुने खेळ आपले डाव स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या आत साठवत. व्हिस्टापासून विंडोज तिथे सहजासहजी लिहू देत नाही. कधी डाव साठवला जात नाही, कधी तो भलत्याच लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो आणि आपण शोधत बसतो.

आधी जुने सांभाळा, मग नवे बसवा

आमची पहिली चूक ही झाली की आम्ही उत्साहाने जुना संगणकच चालू करायला गेलो. वीस वर्षे पडून असलेल्या यंत्रात धूळ आणि ओल असते. बटण दाबताच फट् असा आवाज झाला आणि जळका वास आला. नशिबाने वीज देणारा डबाच जळला, हार्ड डिस्क वाचली. वाचकहो, जुना संगणक थेट प्लगात घालू नका. हार्ड डिस्क स्क्रू काढून बाहेर घ्या. जुन्या रुंद पट्टीच्या डिस्कला यूएसबीला जोडणारा अॅडॉप्टर मिळतो. आम्हाला तो सहाशे रुपयांत मिळाला. घेताना त्याबरोबर डिस्कला वेगळी वीज देणारा प्लगही आहे ना, ते पाहा. विंडोज ९८ ची डिस्क आजचे विंडोज वाचू शकते.

डिस्क पहिल्यांदा फिरली तेव्हा तिचा घरघर आवाज ऐकून अब्बा शेजारच्या खोलीतून काठी टेकत आले. खेळाच्या फोल्डरमध्ये ‘सेव्हगेम’ नावाचे फोल्डर होते, आणि त्यात अब्बांच्या डावाची फाइल. रोमन अक्षरांत नाव लिहिले होते : ‘बाकी नंतर’. आम्ही काही उघडायच्या आधी ते अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर आणि आपाच्या लॅपटॉपवर, अशा दोन ठिकाणी उतरवून घेतले. जुनी डिस्क किती वेळा फिरेल याचा भरवसा नसतो. पहिल्याच फेरीत हवे ते काढून घ्यावे. आमच्या डिस्कवर लग्नापूर्वीचे अम्मीचे स्कॅन केलेले दोन फोटोही निघाले, ते कुणाला ठाऊकही नव्हते.

सीडीचेही तसेच. नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा नसतो; बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आम्ही बाराशे रुपयांना घेतला. सीडी कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावी, आणि पुसताना मधून कडेकडे, गोल गोल नव्हे. मग तिची एक ‘आयएसओ’ प्रत संगणकावर करून ठेवावी. ‘इमजीबर्न’सारखे मोफत साधन ते काम करते. अशा प्रतीवर डबल क्लिक केले की विंडोज ८ पासून पुढचे कोणतेही विंडोज तिला खरी सीडी समजून उघडते. कुलूप घातलेल्या सीडीची प्रत मात्र अशी सरळ होत नाही.

एकेक पायरी

आता प्रत्यक्ष बसवण्याचे काम. येथे आम्ही विंडोज ११ गृहीत धरतो, कारण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि पुष्कळ घरांत आता बदल होतो आहे.

१. खेळ ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवू नका. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचे नवे फोल्डर करा आणि सेटअप जागा विचारील तेव्हा ते दाखवा. परवानगीची निम्मी कटकट येथेच मिटते.

२. खेळाच्या चिन्हावर उजवे क्लिक, मग ‘प्रॉपर्टीज’, मग ‘कम्पॅटिबिलिटी’. तिथे जुन्या विंडोजची यादी दिसते. विंडोज एक्सपी निवडून पाहा, नाही जमले तर ९८. विंडोज तेव्हा खेळाशी जुन्यासारखे वागायचा प्रयत्न करते. त्याच पानावर ‘रिड्यूस्ड कलर मोड’मध्ये २५६ रंग निवडता येतात. एका वेळी एकच बदल करा आणि खेळ चालवून पाहा. पाच खुणा एकदम केल्या तर कशाने सुधारले आणि कशाने बिघडले ते कळत नाही.

३. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा. ‘लेगसी कंपोनंट्स’खाली ‘डायरेक्टप्ले’ असते, त्यावर खूण करा. जुन्या काळी अनेक जण मिळून खेळायची सोय त्यावर चाले. एकट्याने खेळायचे असले तरी काही खेळ ते नसेल तर सुरूच होत नाहीत.

४. आमच्याकडे एवढे करूनही खेळाने निरोप दिला, की ग्राफिक्स यंत्रणा सुरू करता येत नाही, तुमचे कार्ड ‘डायरेक्टड्रॉ’ला चालते का ते पाहा. हा या खेळाचा फार जुना आणि प्रसिद्ध निरोप आहे. डायरेक्टड्रॉ ही चित्रे काढायची जुनी पद्धत. नव्या विंडोजला ती धड येत नाही. यावर उपाय म्हणजे मधे नवा दुभाष्या बसवणे. डायरेक्टड्रॉच्या खेळांसाठी ‘सीएनसी-डीड्रॉ’ आणि त्रिमितीय खेळांसाठी ‘डीजीवूडू २’ ही दोन मोफत साधने हौशी जाणकारांनी तयार केली आहेत. त्यांच्या एक-दोन फाइली खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, बस्स. खेळ जुन्या भाषेत सांगतो, साधन ते नव्या भाषेत संगणकाला सांगते. रंग नीट होतात, आणि चौकोनी पडद्यासाठी काढलेले चित्र रुंद पडद्यावर ताणून चपटे होत नाही. ही साधने मात्र कर्त्याच्या मूळ जागेवरूनच घ्यावीत.

५. खेळ फार पळत असेल तर चित्रांच्या वेगाला मर्यादा घाला. वर सांगितलेल्या साधनांत ती सोय असते. मधूनच अडखळत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’खाली खेळाच्या नावावर उजवे क्लिक करून ‘सेट अफिनिटी’मध्ये एकच कोअर ठेवून पाहा. काही जुने खेळ एका मेंदूच्या संगणकासाठी लिहिलेले आहेत, आठ मेंदू एकदम समोर आले की ते गोंधळतात.

६. हे सगळे हरले, तर संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करावा. ‘व्हर्च्युअलबॉक्स’मध्ये एक्सपी बसवता येते, ‘८६बॉक्स’ तर ९०च्या दशकातला अख्खा संगणक, त्याच्या चिपांसकट, नकलून दाखवते. मात्र त्यासाठी जुन्या विंडोजची आपली स्वतःची सीडी आणि तिची किल्ली हवी. आणि त्या जुन्या विंडोजला इंटरनेट जोडू नये. त्याच्या सुरक्षेची काळजी आता कुणीही घेत नाही.

आमचे काम चौथ्या पायरीवर झाले. पाच रविवार गेले.

डॉसचे खेळ : राजपुत्र अजून धावतो आहे

एमएस-सीआयटीच्या वर्गात किंवा शाळेच्या संगणक कक्षात ज्यांनी ‘डेंजरस डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळला, त्यांचे काम त्याहून सोपे आहे. २००२ पासून ‘डॉसबॉक्स’ नावाचे मोफत साधन मिळते. ते डॉसचा पूर्ण संगणकच, आवाजाच्या कार्डासकट, उभा करते. खेळाची मुख्य फाइल उचलून डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडली की बहुधा काम होते. खेळ फार जोरात असेल तर कंट्रोल आणि एफ ११ दाबून हळू करा, मंद असेल तर कंट्रोल आणि एफ १२. पडदा भरून हवा असेल तर ऑल्ट आणि एंटर. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ १०. एवढ्या चार गोष्टी कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची कथा खेळाइतकीच वाचण्याजोगी आहे. जॉर्डन मेक्नर या अमेरिकी तरुणाने तो अॅपल २ संगणकासाठी जवळजवळ एकट्याने लिहिला; १९८९ मध्ये तो बाहेर आला आणि पुढच्या वर्षी डॉसवर. राजपुत्राचे धावणे-उडी मारणे इतके जिवंत वाटते, कारण मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला धावायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र काढले. संगीत दिले वडिलांनी. पुढे मूळ लिखाणाच्या फ्लॉपी हरवल्या. २०१२ मध्ये त्याच वडिलांच्या घरी एका खोक्यात त्या सापडल्या. इतक्या वर्षांच्या फ्लॉपी वाचतील की नाही अशी धास्ती होती, पण जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या आणि मेक्नरने ते सारे लिखाण जगासाठी खुले केले. बाप, दोन मुले आणि एक जुना खोका. हे वाचताना आम्हाला आमचाच माळा आठवला.

अशाच कळकळीतून इतर कामेही उभी राहिली आहेत. ‘स्कमव्हीएम’ हे साधन २००१ पासून गोष्टी सांगणाऱ्या जुन्या साहसी खेळांना आजच्या संगणकावरच काय, मोबाइलवरही चालवते. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या ग्रंथालयाने जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे सुमारे २,४०० खेळ थेट ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले. तिथे काही बसवावेही लागत नाही. मुलींना आवडणारे स्वयंपाकाचे आणि सजावटीचे फ्लॅश खेळ २०२० संपताना फ्लॅशबरोबर बंद पडले, त्यांच्यासाठी ‘रफल’ आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना ‘वाइन’ आहे. कधी कधी जुना विंडोजचा खेळ नव्या विंडोजपेक्षा लिनक्सवर बरा चालतो.

हक्काचा प्रश्न

आमच्या चुलत भावाने मधल्या काळात एक तोडगा सुचवला. “एवढी खटपट कशाला? क्रॅक उतरवून घेऊ, पाच मिनिटांचे काम.” त्याचा हेतू वाईट नव्हता. पण दोन गोष्टींमुळे आम्ही थांबलो.

एक, धोका. ओळखीच्या एका घरात मुलाने असाच एक क्रॅक उतरवला आणि सकाळी संगणकातले सगळे फोटो कुलूपबंद झालेले, सोडवायला पैशांची मागणी. त्यांच्या मुलीच्या निकाहचे फोटो आजतागायत परत मिळाले नाहीत. फुकटच्या खेळाची ती किंमत.

दोन, आणि ही अधिक महत्त्वाची, हक्क. पुस्तक, शोध, संगणकाचा कार्यक्रम हाताला लागत नाही, म्हणून त्याचा मालक नसतो असे नाही. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत उलेमांनी ठराव केला आहे की, लेखन आणि शोध यांचे हक्क हे त्यांच्या मालकांचे शरियतने मान्य केलेले हक्क आहेत आणि त्यांचे उल्लंघन करता येत नाही. दुसऱ्याच्या मेहनतीचा माल न विचारता घेणे दुकानात चूक असेल, तर पडद्यावरही चूकच.

मग करावे काय? स्वतःची अस्सल सीडी असेल तर ती वापरावी. नसेल तर विकत घ्यावा. पोलंडमधल्या लोकांनी २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ नावाचे दुकान याच कामासाठी काढले; आज ते जीओजी म्हणून ओळखले जाते. जुने खेळ नव्या विंडोजवर चालतील असे तयार करून, कुलूप न लावता ते विकतात, आणि सवलतीच्या दिवसांत किंमत चहा-भजीच्या बिलाएवढी होते. काही खेळ मालकांनी स्वतःच मोफत खुले केले आहेत. एखादा खेळ कुठेच विकत मिळत नसेल तर प्रश्न अवघड होतो. अशा वेळी आपल्या भागातल्या जाणत्या आलिमांना विचारावे. आपल्या सोयीचा फतवा आपणच काढू नये.

खेळाची निवडही पाहून करावी. जुना आहे म्हणून चांगलाच असतो असे नाही. जुगाराचे, अश्लील किंवा नुसत्या रक्तपाताचे खेळ तेव्हाही होते. चांगल्या जुन्या खेळांची एक बाजू मात्र आम्हाला पालक म्हणून आवडली. ते मधेच पैसे मागत नाहीत, जाहिरात दाखवत नाहीत, ‘रोज या नाहीतर बक्षीस बुडेल’ असा धाक घालत नाहीत. थांबवला की थांबतात. आमची मुले मोबाइल हातातून सोडत नाहीत, ती या खेळात अब्बांच्या खुर्चीभोवती बसतात आणि सल्ले देतात. एक पडदा, पाच माणसे. हे घरात पुष्कळ वर्षांनी घडले.

डाव पुढे सुरू

सहाव्या रविवारी असरनंतर आम्ही लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला. बाण दिसायला लहान पडू नये म्हणून पडद्याचे माप ८०० बाय ६०० ठेवले. वयस्कर डोळ्यांना तेच सोयीचे. माउसचा वेग कमी केला आणि अब्बांच्या उजव्या हाताखाली उशी दिली. ‘बाकी नंतर’वर क्लिक केले. क्षणभर पडदा काळा झाला. आपाने ओठातल्या ओठात दुआ सुरू केली. मग वाळवंट उमटले, भिंती उमटल्या, आणि त्या रात्री जिथे सोडले होते तिथेच अब्बांचे उंटस्वार उभे होते.

अब्बा बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, “लाकूड कमी आहे. तेव्हाच सांगत होतो, लाकूड तोडा, तर तुम्ही पोरांनी सगळे सोने खणायला लावले.”

पहिल्या दिवशी उजव्या हाताने पाच मिनिटे जमले, मग डाव्या हाताने. आता दोन महिने झाले. रोज असर ते मगरिब अर्धा तास, त्याहून जास्त नाही, असा अम्मीचा नियम आहे. बोटे पूर्ण सुटली असे आम्ही म्हणणार नाही. चेंडूचा व्यायामही चालूच आहे, औषधेही. पण परवा अब्बांनी चहाची कपबशी उजव्या हाताने उचलली. थोडा चहा सांडला, त्याचे कुणाला काही वाटले नाही.

जेरुसलेमचा डाव अजून झालेला नाही. दोनदा हरले. कालही ऐन रंगात आले असताना मगरिबची अजान झाली. अब्बांनी एफ ३ दाबून खेळ थांबवला आणि आमच्या धाकट्याला म्हणाले, “साठवून ठेव.”

“नाव काय देऊ, दादाजी?”

“तेच राहू दे. बाकी नंतर.”

वाचकहो, तुमच्या माळ्यावरही असा एखादा खोका असेल. भंगारवाल्याची हाक येण्याआधी तो एकदा खाली उतरवा. त्यात खेळ असेल, आवाज असेल, कुणाच्या हस्ताक्षरातली वही असेल. प्लगात घालू नका तेवढे, आधी डिस्क बाहेर काढा.